पाचव्या अंकाचे टाके

प्रिय आत्या,

लिहीन लिहीन म्हणत अख्खा उन्हाळा घालवला गं. आधी पेन नव्हतं. पेन आणायला निघाले तर मैत्रीण भेटली, आणि तिच्यासोबत थेट चिखलदऱ्याला पोचले! पण उद्या महाल भागातल्या तुझ्या दोन खोल्या रिकाम्या करून द्यायच्यात, म्हणून आज बसलेच.

सगळं बांधून झालं. राहिला तुझा पाट आणि ते जाडजूड पुस्तक, विलायती कवीच्या शोकनाटकांचं.

शाळेत तू इंग्रजी शिकवायचीस, पण मला ती नाटकं आपल्या बोलीत सांगितलीस. तुझी राणी कटसुद्धा भाजीवालीशी घासाघीस केल्यासारखा करायची! सेनापती तलवार उपसून उभा, आणि तू मधेच, "थांब गा सेनापती, कुकर झाला." कविता मात्र इंग्रजीतच म्हणायचीस, डोळे मिटून. मला ओ की ठो कळायचं नाही, पण अंगावर काटा यायचा. असं कोण वाचतं आता?

पहिल्या नाटकात शेवटच्या, पाचव्या अंकात सगळे मेले, तेव्हा मी रडून रडून जेवले नव्हते. मग तू सुईदोरा काढलास आणि उरलेल्या सगळ्या नाटकांचे पाचवे अंक कच्च्या टाक्यांनी शिवून टाकलेस.

"काहून वं आत्या?"

"चौथ्या अंकापर्यंत काही बी होऊ शकते, भिंगरे. कोनी तरी येऊन राहिला असते. तुयात दम आला का उसवजो."

माझ्यात कुठला दम! कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं, टायपिंगचा क्लास तर जिन्यातूनच.

पण ते टाके एकट्या माझ्यासाठी नव्हते ना? तू स्वतःच्या लग्नाच्या भर मांडवातून उठलीस, तेव्हापासून बाबांनी अबोला धरला. तुझा सख्खा भाऊ! त्यांचं दुकान गांधीबागेत, इथून चालत गेलं तरी चहा गरम राहील. दर भाऊबीजेला तू पाट मांडायचीस, वाट बघायचीस, आणि दिवेलागणीला मलाच त्यावर बसवून ओवाळायचीस. एकदा तरी त्यांना शिव्या घालायच्या होत्यास गं!

शेवटच्या आजारात, धंतोलीच्या दवाखान्यातही दार वाजलं की मान वळायची तुझी. नर्स असायची. मी चिडले, "नाही येत ते. काहून वाट पाहून राहिली?"

"चौथाच सुरू हाय अजून," म्हणालीस. आणि हसलीस.

बाबा स्मशानातही आले नाहीत, आत्या. मला त्या हसण्याचा अजून राग येतो. आणि तसं हसता येत नाही, याचाही.

पुस्तक रद्दीत जाणार नाही. टाके उसवीन आणि एकेक पाचवा अंक मोठ्यानं वाचीन. शेवटपर्यंत, मधे न उठता. शब्द देते.

तुझीच,
भिंगरी

ता. क. उठावं लागलं गं! खालून हाक आली, "कोनी हाय काय वं वर?"

बाबा आहेत. चपला काढून जिन्याशी उभेत, पायरी चढत नाहीयेत. "आता काहून आले?" असं ओरडणारच होते. पण पाट अजून बांधलेला नाही.

मांडते. पाचवा अंक त्यांनाही बसून ऐकावा लागेल.