साठ दिवस पाण्यात ठेवलेली वेणी

चि. भुंगाबाईंस,

बापाचे भरघोस आशीर्वाद. मी ठणठणीत आहे. (गुडघा सोडून. पण गुडघ्याला मी आता आपल्यात धरत नाही.) तुझा खोकला गेला का? वेळेवर जेवतेस का? "बरी आहे, कामात आहे" असा तुझा निरोप आला, त्याला आता अडीच महिने झाले. ज्या पोरीची गुणगुण थांबत नाही म्हणून भुंगा नाव पडलं, तिचे मोजून चार शब्द! कुठे काही वाचायचं राहिलं का म्हणून मी तो तीनदा वाचला.

तुझ्या मावशीने सगळ्यांना सांगितलंय म्हणे, की मी अणुबाँबच्या कारखान्यात आहे आणि अंधारात चमकतो. तिला सांग, मी वेण्या घालतो. समुद्राच्या पाण्यात युरेनियम असतं, पण अगदी नावाला, टनभर पाण्यात तीन मिलिग्रॅम. ते धरून ठेवणारा एक पांढरा धागा इथल्या शास्त्रज्ञ बाईंनी तयार केला आहे. त्याच्या मनगटाएवढ्या जाड वेण्या घालायच्या, धक्क्यावरून साठ दिवस पाण्यात सोडायच्या, मग वर काढून आम्लात धुवायच्या. निघेल ते युरेनियम अणुभट्टीला इंधन म्हणून. यंत्राने घातलेल्या वेण्या लाटांत उसवतात, म्हणून माणूस हवा होता. मुलाखतीत बाईंनी अनुभव विचारला. मी म्हटलं, बारा वर्षं, रोज सकाळी दोन. (दोरखंडाच्या कारखान्यातली वीस वर्षं सांगायची राहूनच गेली.)

तर माझी वेणी तुला ठाऊकच आहे. एकदा घातली की दिवसभर केसाची हलायची बिशाद नव्हती. आई गेल्यावर पोरीची आबाळ होते असं कोणी म्हणू नये, म्हणून मी अशी करकचून आवळायचो की तुझ्या भुवया कायम वर. शाळेतल्या शिक्षिकेला वाटायचं, या मुलीला प्रत्येक धड्याचं नवल वाटतं.

इथेही तोच हात. साठ दिवसांनी वेण्या वर आल्या तेव्हा त्यांवर शिंपले होते, शेवाळ होतं, एकीत खेकड्याने बिऱ्हाड थाटलं होतं. युरेनियम मात्र औषधापुरतं. उलगडून पाहिल्या तर आतला धागा जसा दिला तसा पांढराशुभ्र, पाणी आत नीट खेळलंच नव्हतं. एकच वेणी निराळी निघाली. तिने इतरांच्या चौपट युरेनियम धरलं होतं. ही कोणी घातली, अशी चौकशी सुरू झाली. भुंगे, ती मीच घातली होती, तुझा निरोप आला त्या दिवशी. हातांत जीवच नव्हता. ढिली, वाकडी, बघवत नव्हती, म्हणून लाजेने जुडीच्या मधोमध लपवली होती. बाईंनी तिची मापं घेतली, फोटो काढले आणि मला विचारलं, हे तंत्र कुठलं? काय सांगणार, कपाळ? आता दोन शास्त्रज्ञ माझ्यासमोर बसून ढिली वेणी शिकतात आणि मी ओरडतो, "अहो, आवळू नका, जरा मोकळं सोडा!"

असा सगळा कामाचा व्याप आहे. तेव्हा तू इकडे यायची घाई करू नकोस. मला सवड नाही, आणि खोलीत दुसऱ्या माणसाला पाठ टेकायलाही जागा नाही. तब्येतीला जप.

तुझा बाबा

ता. क. : नव्या वेण्या परवाच पाण्यात सोडल्या. आता साठ दिवस मला काहीही काम नाही. धक्क्यावर उभा राहून पाण्याकडे बघत असतो.

ता. क. २ : जागा नाही हेही खोटं आहे. दुसरी खाट मी आल्या आठवड्यातच मागून घेतली. तिच्यावर काही ठेवत नाही.

ता. क. ३ : तू केस कापून आलीस तेव्हा मी "बारा वर्षांची मेहनत पाण्यात गेली" म्हणालो, आणि तू नोकरीवर निघून जाईपर्यंत चार दिवस मी तोंड उघडलं नाही. केस तुझे होते. फार आठवण येते ग. कशीही ये, डोक्याला हात लावणार नाही. बारा वर्षांत तू एकदाही बोलली नाहीस, म्हणून एवढंच विचारतो : दुखायचं का ग?