खाडीपलीकडचे कुत्रे

५ जानेवारी १९६३
कुडाळला बैठक. दोन पालिका आणि खाडीपलीकडची पंचायत — एकदाचा ठराव झाला! सगळीकडे एकाच दिवशी भटकी कुत्री मारायची. नाहीतर आम्ही इकडची संपवतो आणि महिन्याभरात पलीकडची येतात. बारा वर्षं पालिकेत हेच करतोय. पिसाळलेल्या कुत्र्यावरची लसही एकत्र, कुडाळच्या दवाखान्यात ठेवायची. त्यातलं कलम मीच घातलं — ज्याचा चावा जास्त वाईट, त्याला आधी. मग गाव कुठलंही असो.

१२ जानेवारी
पलीकडचे सरपंच दाजी आले. गावाने देवाला कौल लावला म्हणे. पाकळी डावीकडची पडली, म्हणजे नकार. दाजी म्हणाले, "देवान डावो कौल दिल्यान. आमच्या हद्दीत कुत्रो मरूक नको."
मी म्हटलं, पिसाळलेला कुत्रा देवाला विचारून चावत नाही. ते हसलेही नाहीत. ठरल्या दिवशी हद्दीत एकही कुत्रा दिसणार नाही, असा शब्द मात्र दिला. घेतला. दुसरं करणार काय?

१३ जानेवारी
कुत्री मारून आलं की अंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात यायचं नाही — सुभद्रेचा नवा कायदा. बायको माझी, बाजू कुत्र्यांची!

२० जानेवारी
झालं एकदाचं. लवू आणि मी पहाटेपासून विष घातलेलं मटण टाकत फिरलो. लवू पालिकेतला माझा जुना माणूस, हात कापत नाही त्याचा. पण एक काळी कुत्री मरता मरता त्याच्याकडे बघून शेपटी हलवत होती. तो तोंड फिरवून उभा राहिला.
संध्याकाळी धक्क्यावर दोन होड्या लागल्या. आत कुत्री! दाजींच्या माणसांनी दोऱ्या सोडल्या आणि सगळी आमच्या गावात. वर एकजण म्हणतो, "देवाचोय शब्द रवलो, तुमचोय." माझ्या अंगाचा तिळपापड झाला.
त्यातला एक तांबडा, तोंडाला फेस. तो लवूच्या अंगावर गेला, मी मागून ओढला. लवू वाचला. त्याने दांडक्याने कुत्र्याला संपवलं. माझ्या मनगटाला दात लागला. खरचटलंय, एवढंच.

२१ जानेवारी
पहिल्या एस्टीने कुडाळ. लस एकाच माणसापुरती शिल्लक. डॉक्टरांनी सुई भरायला घेतली आणि दारात दाजी! बरोबर सून, सुगंधा. गालावर फडकं, रक्ताने भिजलेलं. त्याच तांबड्याने होडीत चढवताना चावा घेतला तिचा.
दाजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "साहेब, पयलो नंबर तुमचो. पण हिच्या गालाक चावलो."
जिभेवर आलं होतं — जा, तुमच्या देवाला मागा लस! पोरीने फडकं आणखी घट्ट दाबून धरलं. डॉक्टरांनी सुई खाली ठेवली. कलम माझंच. मी सदरा खाली केला आणि उठलो. मुंबईहून दुसरी लस पंधरवड्यात येईल म्हणाले.
येताना एस्टीत नुसता चिडत होतो. दाजींवर, देवावर, स्वतःवरही.

१४ फेब्रुवारी
लस नाही आली. खपली पडली. मनगट बरं दिसतंय.

२ मार्च
लस आल्याचा निरोप. पण उद्या पालिकेची सभा, मग शिमगा. शिमगा झाला की जातो. सुभद्रा भांडली. आजच जा म्हणाली, रडलीसुद्धा. जखम भरली की गं, म्हटलं.

१२ मार्च
दाजी नारळ घेऊन घरी आले. सुगंधाची सगळी इंजेक्शनं झाली, ठणठणीत आहे. गावाने पुन्हा कौल लावला. उजवा! पुढच्या वर्षी तेही आमच्याबरोबर. बारा वर्षांत पहिल्यांदा वाटलं, आपल्या हातून काहीतरी झालं. दाजींनी माझे हात धरले तेव्हा मनगटाला मुंग्या आल्या. कालपासून येतायत. परवा कुडाळला जातोच.

१४ मार्च
सकाळपासून पाणी घशाखाली उतरत नाही. तांब्या नुसता पुढे आला तरी गळा आवळतो. सुभद्रेला सांगितलं, मुलांना घेऊन माहेरी जा आणि जाताना बाहेरून कडी लाव. लवूला निरोप धाडलाय, दोरी घेऊन ये.