चव्वेचाळिसाव्या वर्षी तारुण्यपीटिका

४ ऑगस्ट

आज चष्म्याच्या दुकानात वरच्या फळीवरची फ्रेम काढायला शिडीवर चढलो आणि शर्टाचं पोटावरचं बटण तुटून थेट गिऱ्हाईक बाईंच्या मांडीवर पडलं. बाईंनी ते मुकाट्याने परत दिलं. मालक हसले नाहीत, तेच जास्त लागलं.

निश्चय झाला आहे. उद्यापासून जिम.

५ ऑगस्ट, सकाळी

जिमच्या ट्रेनरला सगळे तुफान म्हणतात. त्याने माझं वय विचारलं, पोटाकडे बघितलं आणि महिनाभर नुसतं चालायला सुचवलं. चालायला मला कुणी शिकवायची गरज नाही, असं त्याला शांतपणे सांगितलं आणि सगळ्यात अवघड बॅचमध्ये नाव घातलं. बॅचचं नाव 'एक्स्ट्रीम'. बाकीचे सगळे विशीतले. मला बघून त्यांना हुरूप येईल.

कपाळाला बांधायचे दोन घट्ट पट्टे, अंगाला चिकटणारा काळा टी-शर्ट आणि चॉकलेटच्या चवीची प्रोटीन पावडर आणली. डबा बादलीएवढा आहे. बायकोने विचारलं, हा ठेवायचा कुठे. अशा प्रश्नांनीच माणसं मागे राहतात.

६ ऑगस्ट

हात वर होत नाहीत. बायकोने शर्ट चढवला. जास्त लिहवत नाही.

१२ ऑगस्ट

शरीर रुळलं. उड्या, बैठका, बर्पी, पुन्हा उड्या. तुफान ओरडतो तेव्हा मी डोळे मिटून घेतो, म्हणजे तो दुसऱ्या कुणाला तरी ओरडतोय असं वाटतं.

घामावर विचार केला. घाम म्हणजे शरीरातलं विष. ते बाहेर येतंय तोवर त्यावर लगेच पाणी ओतणं हा शुद्ध मूर्खपणा. घाम अंगावरच वाळू द्यायला हवा. म्हणून आता जिममधून परस्पर दुकानात जातो, त्याच टी-शर्टवर शर्ट चढवून. आंघोळ संध्याकाळी. बायकोचं मत वेगळं आहे. तिने खिडकी उघडली.

मुलीशीही बोललो. सोळा वर्षांची आहे. दोन वर्षांपासून तोंडभर पिंपल्स. सहा महिने त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे जाते, झोपण्याआधी मटाराएवढं मलम लावते. पुष्कळ कमी झालेत, असं मायलेकी म्हणतात. मला तसं काही दिसत नाही. मूळ कारण एकच, पोरगी घाम गाळत नाही. हे मी तिला रोज सांगतो. प्रेमाने.

२१ ऑगस्ट

कपाळावर, पट्ट्याच्या बरोबर खाली, पाच-सहा बारीक पुटकुळ्या. बायको म्हणाली, तुम्हालाही पिंपल्स आले वाटतं. मी तिला समजावलं की हे विष आहे, बाहेर पडतंय, म्हणजे उपाय लागू पडला.

शिवाय आपल्या भाषेत यांना तारुण्यपीटिका म्हणतात. शब्दातच तारुण्य आहे. म्हाताऱ्यांना येतात का? आरशात बराच वेळ बघितलं. खरंच तरुण दिसतोय.

२७ ऑगस्ट

हनुवटी. मान. खांदे. पाठीवर तर इतक्या, की खुर्चीला टेकवत नाही. बॅग पाठीला लावली की कुणी तरी मुठीने दाबतंय असं वाटतं.

तुफानने आज बाजूला घेतलं. म्हणाला, पट्टा धुता का, टी-शर्ट बदलता का, पावडर थोडे दिवस बंद करून बघा. त्याला माझी प्रगती सहन होत नाही असं दिसतं. पावडर दुप्पट केली.

चष्म्याच्या दुकानात आरसे किती असतात, हे इतक्या वर्षांत पहिल्यांदा लक्षात आलं. भिंतींवर, काउंटरवर, खांबांवर, आणि प्रत्येकावर दिवा. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा काउंटरवरच्या आरशात बघून हनुवटीवरची एक फोडली. फोडायला नको होती. तिच्या जागी आता तीन आहेत.

२ सप्टेंबर

मुलीने शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात निवेदनासाठी नाव दिलंय, आणि बाईंनी तिलाच निवडलंय. चौदा तारखेला. दोन वर्षं ही पोरगी वर्गाच्या फोटोतही मागच्या रांगेत, कुणाच्या तरी खांद्याआड उभी राहायची. आता आपणहून स्टेजवर जाणार. घरभर फिरत निवेदन पाठ करते. आवाज छान आहे. कुणावर गेलाय ते उघड आहे.

अशा वेळी बापाने गप्प बसायचं? तिला म्हटलं, माझ्याबरोबर जिमला चल, कार्यक्रमापर्यंत चेहरा आरशासारखा होतो की नाही बघ. आणि ते मलम तेवढे दिवस बंद ठेव, त्याने छिद्रं बुजतात. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, पोरीच्या तोंडाशी खेळू नका. मुलगी मात्र माझ्याकडेच बघत होती. खरंच जातील का, असं तिने विचारलं. मी छातीवर हात ठेवून हो म्हणालो.

माझा दुसरा पट्टा तिला दिला.

९ सप्टेंबर

दुकानात किरकोळ प्रकार झाला. एका बाईंना फ्रेम बसवून बघत होतो. काड्या कानामागे नीट बसल्या का ते बघायला जवळ जावंच लागतं. मी जसा वाकत गेलो तशा बाई मागे मागे जात राहिल्या, शेवटी खुर्चीचे पुढचे पाय उचलले गेले. म्हणाल्या, घरच्यांना घेऊन परत येते. पुन्हा येणार नाहीत हे मलाही कळतं.

मालकांनी संध्याकाळी बोलावलं. उद्यापासून आतल्या खोलीत काचा घासायच्या मशीनवर बसा म्हणाले. म्हणजे बढतीच. अचूकतेचं काम आहे, सगळ्यांना देत नाहीत. खोलीत एकच दिवा. आरसा नाही. मालकांना माझ्या आवडीनिवडी बरोबर कळतात.

मुलीच्या कपाळावर नव्या आल्या आहेत. गालांवरही, लालभडक. तिला सांगितलं, हे शेवटचं विष. ती जिमला आली. उड्या मारताना मान खाली होती.

१३ सप्टेंबर, दुपारी

मुलीने शाळेतल्या बाईंना फोन करून निवेदन दुसऱ्या कुणाला तरी द्यायला सांगितलं. बाईंनी खूप समजावलं म्हणे. हिने फक्त नाही, नाही, इतकंच म्हटलं. रडली नाही. रडली असती तर मला काही तरी करता आलं असतं.

मी तिच्या खोलीच्या दारात उभा राहून म्हणालो, अगं, आणखी आठ दिवसांत सगळं साफ होणार होतं. तिने पुस्तकातून डोकं वर केलं नाही.

"बाबा, मला बरं वाटत होतं. तुम्हालाच मी बरी दिसत नव्हते."

तिथेच उभा राहिलो. मग कुकरची शिट्टी झाली म्हणून आत गेलो. कुकरजवळ बायको होतीच. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

एक गोष्ट नोंदवून ठेवतो. शाळेने कार्यक्रम महिनाअखेरीस ठेवला असता तर हे काहीच झालं नसतं.

१४ सप्टेंबर

जिमला गेलो नाही. विश्रांती हाही व्यायामाचाच भाग आहे. दुकानात पोट बिघडल्याचं कळवलं.

मुलगी शाळेत गेली नाही. कार्यक्रमाच्या वेळेला तिच्या खोलीतून काहीच आवाज आला नाही. इतके दिवस ते निवेदन ऐकून मलाही पाठ झालंय. सुरुवात मनात आपोआप म्हटली गेली. मग थांबवली.

१५ सप्टेंबर

मुलगी शाळेत गेल्यावर तिचं मलम लावून बघितलं. मटाराएवढं बायकांना पुरत असेल. मी अर्धी ट्यूब लावली. तासाभरात चेहरा पेटला. आता कपाळाची सालं निघतायत. मटाराएवढं का म्हणतात ते कळलं.

मुलीला ट्यूब चपटी झालेली दिसली. नंतर माझा चेहरा दिसला. तिने थंड पाण्याचा रुमाल आणून दिला आणि निघून गेली. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं.

१८ सप्टेंबर

बायकोने मुलीसाठी डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली. मी सोबत म्हणून गेलो. बाकावर सगळी शाळा-कॉलेजची मुलं आणि मध्ये मी. सगळ्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि नंतर फार समजूतदारपणे बघायचं टाळलं.

बाईंनी आधी मुलीला तपासलं. औषध मध्येच सोडल्यामुळे मागे पडलीस, पण पुन्हा नेमाने लाव, येईल ताळ्यावर, असं म्हणाल्या. का सोडलंस असंही विचारलं. मुलीने माझ्याकडे बघितलं नाही. विसरले, म्हणाली.

मी खोकलो.

मग बाईंनी न विचारता माझ्यावरच दिवा धरला. व्यायाम झाल्यावर काय करता, हा पहिला प्रश्न. मी घामाबद्दलचा माझा विचार सविस्तर मांडला. बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. व्यायामाचा काही दोष नाही म्हणाल्या, खुशाल करा. पण घट्ट कपड्यात घाम तासन्तास मुरवायचा, मळका पट्टा कपाळावर घासायचा, वर पुटकुळ्या फोडायच्या, मग दुसरं काय होणार. पावडरनेही काहींचं वाढतं, ती बंद करून बघा. व्यायाम संपला की लगेच आंघोळ, धुतलेले कपडे, आणि तोंड खसाखसा घासायचं नाही. पट्टा एकमेकांचा वापरायचा नाही, हे त्या मुलीकडे बघून म्हणाल्या.

एवढं शिक्षण घेऊन बाईंनी मला काय सांगितलं, तर आंघोळ करत जा.

येताना मुलगी शेजारून चालत होती. तिला काही तरी सांगायचं होतं. चार-पाच वेळा तोंड उघडलं. शेवटी म्हणालो, डॉक्टरीणबाईंचं अक्षर फार वाईट आहे. ती हो म्हणाली.

२० सप्टेंबर, संध्याकाळी

पाठीला लावायला वेगळं औषध दिलंय. पाठीवर हात पोचत नाही. बायकोला विचारलं, तर तिने चटणी वाटायला घेतली.

मुलगी आपणहून आली. बाटली घेतली, मला स्टुलावर बसवलं आणि एकच अट घातली, बोलायचं नाही. कबूल केलं.

तिची बोटं गार होती. इतक्या हलक्या हाताने लावत होती की कुठे लावलं नि कुठे नाही ते कळत नव्हतं. एकेका पुटकुळीशी थांबायची, जरा टेकवायची, पुढे जायची. कुठे दुखतं हे तिला विचारावं लागलं नाही. मला भरून आलं. काही तरी बोलावं असं फार वाटलं. आता बोललो नाही तर परत जमणार नाही, असं वाटलं.

म्हणून म्हणालो की नेमाने व्यायाम केलास तर पुढच्या वर्षी निवेदन तूच करशील.

हात थांबला. बाटलीचं झाकण लावल्याचा आवाज आला. बाटली माझ्यासमोर टेबलावर ठेवून ती तिच्या खोलीत गेली. दार आपटलं नाही.

डाव्या बाजूला लावून झालंय. उजवी तशीच आहे. शर्ट घालता येत नाही, औषध कापडाला लागेल. अर्धा तास झाला, असाच बसून आहे. हाक मारणार नाही. बाटलीपर्यंत हात पोचतो. पाठीपर्यंत नाही.