शंका आली तर थांब

प्रिय सुकेशनी,

ऑफिसात मी तुला 'तुम्ही' म्हणायचो. कागदावर 'तू' लिहिलं आहे. आवडलं नाही तर सांग, पुढच्या वेळी दुरुस्त करीन. रविवारी मला आईला एक उत्तर द्यायचं आहे आणि ते तुला विचारल्याशिवाय देता येईना. ते शेवटी लिहितो, आधी इकडचं सांगतो.

सेलूचं आपलं माती तपासणीचं ऑफिस तू सोडून गेलीस तसंच आहे. मातीच्या पिशव्या अजून खिडकीखालीच ठेवतो, चिठ्ठ्या ओल्या होतात म्हणून तू ओरडायचीस तरीसुद्धा. तुझी खुर्ची मी भिंतीला लावली होती, परत जागेवर आणली. भिंतीशी ती वाट बघत बसल्यासारखी दिसायची.

दुपार मात्र राहिली नाही. तू आकडे वाचायचीस, मी टाइप करायचो, मग मी वाचायचो आणि तू पडताळायचीस, त्यात दिवस कलायचा. आता तेच काम मशीन चहा निवायच्या आत करतं. मनकर्णामावशी कप उचलताना म्हणाल्या, "आता कुनी वाचंना, कुनी लिहिना. हापिस मुकं झालंय की." मी हसलो, पण त्या गेल्यावर एका शेतकऱ्याचे आकडे मोठ्यानं वाचून पाहिले. पुढचा आकडा मागायला कुणी नव्हतं.

आबासाहेबांनी ऑफिसच्या कम्प्युटरवर शेतकऱ्यांना निरोप लिहायला ते एआय घेतलं तेव्हा मी किती बेजार झालो होतो, आठवतं? दहावीनंतर शाळा सुटलेला मी, मला वाटलं आता इंग्रजीतून काहीतरी शिकावं लागणार, नाहीतर घरी बसावं लागणार. आबासाहेब म्हणाले, काही नाही, रोज काय करता ते नव्या माणसाला समजावून सांगावं तसं त्याला साध्या मराठीत लिहून द्या. मग तू सांगत गेलीस आणि मी लिहीत गेलो. पिशवीवरचं नाव आणि आपल्या नोंदीतलं नाव आधी जुळव. जमिनीचा सामू किती हे नुसतं सांगू नको, सामू म्हणजे माती आंबट की खारी, तेही सांग. वडीलधाऱ्यांना काका, मावशी म्हण. रान खराब आहे असं लिहू नको, रानाला काय कमी पडतंय ते लिही. सगळी वाक्यं तुझी, मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघितलं. शेवटची ओळ तेवढी माझी होती : शंका आली तर थांब आणि सुकेशनीला विचार. तू म्हणालीस, "माझं नाव कशाला? मी काय इथं जन्मभर बसणार आहे?" मी म्हणालो, "तोवर राहू द्या."

त्या मशीननं एकदा गंमत केली. पेडगावच्या केशरबाईंचं रान त्यांच्या नावावर, पण घरात फोन एकच, तो त्यांच्या मालकांच्या, म्हणजे पंडितकाकांच्या खिशात. निरोप गेला, 'मावशी, तुमच्या रानाला शेणखताची भूक आहे.' काका पॅसेंजरनं थेट सेलूला आले. फोन माझ्यासमोर धरून म्हणाले, "मला मावशी कोन म्हनायलंय? मिशा हायेत मला." मी खुलासा केला, माफी मागितली. फोन कुणाचा आहे ते आधी बघ, अशी ओळ त्याच दिवशी वाढवली. काकांनी तो निरोप पुन्हा सावकाश वाचला आणि म्हणाले, "पर बोलतंय त्या पोरीवानीच. कुठं गेली ती?" परभणीला चांगली नोकरी लागली, एवढंच सांगता आलं.

काकांचं खरं आहे. जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत आता तुझ्या बोलण्यातले निरोप जातात. पाठवण्याआधी ते सगळे मी वाचतो. नियमात तसं नाही, तरी वाचतो. मध्ये आमच्या वालूरच्या रानातली माती मी स्वतःच आणून तपासायला टाकली. निरोप आला, 'सिद्धोधन दादा, काळजी करू नका, रान चांगलं आहे.' बरोबर होता. पण तू असतीस तर माती बघायच्या आधी, जेवण झालं का, असं विचारलं असतंस. ते आपण लिहून द्यायचं विसरलो.

पिशवीवरचं नाव पुसलं असलं की मशीन अजून थांबतं आणि लिहितं, 'सुकेशनीला विचारावे.' मग मी शेतकऱ्याला फोन करून खात्री करतो. काल आबासाहेबांनी ते पाहिलं. म्हणाले, "ती गेली ना आता? ते नाव काढा, तिथं तुमचं टाका." मी हो म्हणालो. ती ओळ उघडली, नीट वाचली आणि तशीच बंद केली.

हे पत्रही मशीननं छान लिहून दिलं असतं. पण ते तुझ्याच बोलण्यात लिहिलं असतं, आणि तुलाच तुझे शब्द पाठवायचे मला बरं वाटेना. म्हणून जमेल तसं माझंच लिहितो. देवगाव फाट्याहून मला स्थळ आलं आहे. माणसं चांगली आहेत, मुलगीही चांगली आहे, नाही म्हणावं असं काही नाही. आईला रविवारी होकार हवा आहे. सगळी नोंद बरोबर आहे, सुकेशनी, तरी मी थांबलो आहे. शंका आली की कुणाला विचारायचं, हे मी तेव्हाच लिहून ठेवलं होतं. तर विचारतो : मी तुझ्यासाठी थांबू का? नाही म्हणालीस तर सोमवारी त्या ओळीत माझं नाव टाकीन आणि तुला पुन्हा त्रास देणार नाही. पण रविवारच्या आत सांग. आणि जेवत जा वेळेवर.

उत्तर काहीही आलं तरी तुझाच,
सिद्धोधन