अनिमेषच्या कॅमेऱ्यातला रोल

५ ऑक्टोबर २००३

काल सकाळी अंघोळ करून अनिमेषचा कॅमेरा पाटावर ठेवला. खंडेनवमी. मुलगा जाऊन वर्ष झालेलं नाही, यंदा घरात सण नाही — पण ज्या हत्याराने त्याने काम केलं त्याला हळदकुंकू तरी नको? गावी विळा असो की शिवणयंत्र, आतून-बाहेरून पुसूनच पूजेला ठेवायचे. म्हणून मागचं झाकण उघडलं. आत फिल्मची पट्टी. खिडकीतलं ऊन थेट तिच्यावर. झाकण लगेच दाबलं, पण फिल्मला ऊन लागायचं ते लागलं होतं!

जगतपुऱ्याच्या रस्त्यावर त्याची स्कूटर घसरली त्या दिवशी हा कॅमेरा घरी होता. रोल अर्धा झालेला. विनया, त्याची आई, त्याला हात लावू देत नाही. दिवाळी होऊ दे, मग धुवायला देऊ म्हणते. "अजून त्याचं काहीतरी यायचंय." त्या आशेवर दोन घास खाते.

तिला सांगितलं नाही.

८ ऑक्टोबर

ऑफिस सुटल्यावर सोडाल्याला मूलचंदजींच्या स्टुडिओत गेलो. फोटो धुवायला अनिमेष त्यांच्याकडेच शिकला. त्यांनी ऐकून घेतलं, चहा मागवला. त्याने काढलेले सगळे जळाले असणार, न वापरलेली फिल्म मात्र डबीत शाबूत आहे म्हणाले. "बाकी आप खींच लो, भाईसाहब. उसी का रोल है."

ते मायेने बोलले. माझ्या मनात मात्र भलतंच आलं. मी हुबेहूब त्याच्यासारखे काढले तर — विनयाला काय कळणार?

१२ ऑक्टोबर

जोहरी बाजार. मूलचंदजींनी सांगितलंय — उजेड मोजायचा, अंधाराला अंधारच राहू द्यायचं. बरामद्यात, दुकानांपुढच्या ओवरीत, खांबांच्या सावल्या आडव्या पडलेल्या. एक बाई सावलीतून बाहेर आली, तिचा फक्त एक हात आणि ओढणीची कडा उजळली. बटण दाबलं. पुढे फुटपाथवर न्हाव्याने भिंतीला आरसा टांगलेला. त्यात गिऱ्हाइकाच्या डोक्यामागून उंट चाललेला. न्हावी म्हणाला, "बाऊजी, दाढ़ी भी बनवाओगे या बस फोटू?" इतक्या दिवसांनी हसलो. मग वाईट वाटलं.

अनिमेषला एकदा विचारलं होतं, माणसांची तोंडं का दिसत नाहीत रे तुझ्या फोटोत? म्हणाला, "बाबा, तोंड दिसलं की तो एकच माणूस उरतो."

असा मी त्याच्याबरोबर एकदाही फिरलो नाही.

१९ ऑक्टोबर

पुन्हा तिथेच. चांदीच्या दुकानाची काच — आत पैंजण, वर रस्ता, सायकलरिक्षा, आभाळ. रोल संपला. संध्याकाळी देव्हाऱ्यातल्या जोतिबासमोर बसलो. मागायला तोंड नव्हतं.

२९ ऑक्टोबर

फोटो आले. त्याचा एकही नाही. आले ते सगळे माझे.

विनयाने हात धुऊन, पदराला पुसून एकेक घेतला. उंटाशी थांबली, म्हणाली, असलं त्यालाच दिसायचं. मग चांदीच्या दुकानाची काच. रस्त्याच्या प्रतिबिंबात मधोमध एक काळी आकृती, डोळ्याला कॅमेरा. मागे ऊन, त्यामुळे तोंड नाही. तिने त्यावर बोट ठेवलं. "अहो, बघा! स्वतःच आलाय." आणि ती आकृती गालाला लावली.

मी मान हलवली. देवा, मी हो म्हणून मान हलवली.

१ नोव्हेंबर

प्रताप नगरातून फोटो मोठा करून, चौकट घालून आणला तिने. देव्हाऱ्याशेजारी लावला. आज त्याला फूल वाहिलं, त्याच्याशी बोलली — आणि ज्याला वाहिलं तो मागे उभा राहून तोंड पुसत होता. उद्या हार घालायचा म्हणते. झेंडू आणून ठेवलाय.

जिवंत माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत. अपशकुनाची भीती नाही मला. पण कपाळावर कुंकू असलेली बायको नवऱ्यालाच हार घालणार, आणि तो मुलाला घातला असं समजून रडणार — आणि मी बघत राहणार?

२ नोव्हेंबर

ती हार घेऊन चौकटीपर्यंत गेली होती. म्हणालो, थांब, तो मी आहे. झाकण उघडल्यापासूनचं सगळं सांगितलं.

तिने बाकीचे फोटो पलंगावर पसरले. "मग यातला त्याचा कुठला?"

एकही नाही, म्हणालो.