घर बळकावायला आलेल्या माणसास

मी, बाजारातल्या चष्म्याच्या दुकानाची मालकीण, वय वर्षे एकाहत्तर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत. डोके जागेवर आहे.

१. राहते घर, गच्चीसह, वडिलांनी माझ्या नावे केलेले असून माझ्या पश्चात ते माझ्या यजमानांना मिळावे.

यावर उद्या कोणी हरकत घेईल, म्हणून हकिकत नोंदवते. वडील गेल्यावर हे गृहस्थ नगरपालिकेचे अधिकारी म्हणून आले. घर रस्तारुंदीत जाणार, माझ्या हवाली केलेत तर वाचवतो, असे सांगू लागले. डोळ्यांवर सोनेरी काड्यांचा चष्मा. पुसून देते म्हणून हातात घेतला, तर काचा साध्या, नंबर शून्य. चष्मेवालीला फसवायला खोटा चष्मा लावून येणारा भामटा कच्चाच असणार, हे तेव्हाच ओळखले.

तरी येऊ दिले. मी चाळिशी उलटलेली, घरात एकटी. ‘आज जेवलात का’ असे विचारणारे दुसरे कोणी नव्हते. कागदांचे निमित्त करून येत आणि खिडकीची कडी बसवून जात. सहीच्या दिवशी मी पेन उघडले, तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

“सही करू नका. मी नगरपालिकेतला नाही.”

“माहीत आहे.”

“मग पेन का उघडलंत?”

“तुम्ही काय करता ते बघायचं होतं.”

त्यांनी कागद फाडले आणि खाली मान घालून जायला उठले. स्वयंपाकघरातला नळ गळतोय, असे मी सांगितले. ते थांबले. अजून थांबलेले आहेत.

घर नको, असा त्यांचा हट्ट आहे. म्हणतात, “लोक म्हणतील, शेवटी साधलं.” मी म्हटले, “साधलंच आहे. माझंही.”

२. दुकान आणि काच घासायचे यंत्र भाचीला. गिऱ्हाईकाला बोलण्यात यजमानांनी गुंतवावे. किंमत मात्र भाचीने सांगावी.

३. ‘घोडनवरीला भामटा मिळाला’ असे गावभर करणाऱ्या समोरच्या शिंप्याला जाड भिंगांचा एक चष्मा फुकट द्यावा. दुसऱ्यांच्या घरात डोकावताना डोळ्यांना फार ताण पडतो.

४. धाकट्या भावाला काही ठेवलेले नाही. तो माझ्या लग्नाला आला नाही आणि यजमानांना आजवर ‘तो इसम’ म्हणत आला. ज्याला काही मिळत नाही त्यानेच साक्षीदार व्हावे, असे वकील म्हणाले. म्हणून मुद्दाम त्यालाच बोलावले. रागावेल असे वाटले होते. आला, आणि इथवरचे सगळे दोनदा वाचून बसला आहे.

स्थळ: दुकानामागची खोली
दिनांक: नऊ मार्च

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार पहिले, शेजारचे औषधवाले: (सही)

साक्षीदार दुसरा, लिहून ठेवणारीचा धाकटा भाऊ: (सही)
वाचले. दाजींनी दाखवली त्या जागी सही केली.