पेटीत यावेळेस काय टाकलं

बाबा, तुमाले लिहून काही उपयोग नाही हे मले समजते. शाळेत बी मी लिहिण्यात कच्चीच होती. तुमीच म्हणायचे, या पोरीचं सारं डोकं खोड्यांतच खर्च होते. तरी आज बसली. नवरा शेतावर गेला हाय, पोरगी झोपली हाय, अन् इथं सासरी कुहीले दुपारी बोलाले कोणी नसते.

वाडीले ट्रकच्या गोदामाजवळ भाड्याच्या खोलीत असताना, तुमचा ट्रक निघायचा त्या दिवशी मी शाळेले दांडी मारायची. तुमच्या वाटेतल्या सैपाकाची पेटी भरणं माह्यं काम होतं ना. खाली पोत्याचा तुकडा. डाव्या अंगाले तांदूळ, तुरीची दाळ, तिखटामिठाचे डबे, कांदे. उजव्या अंगाले स्टो, त्याची पिन, राकेलची बाटली, पाना, टॉर्च, सुतळी. तुमी बाजूले बसून सांगायचे, "अशी भर पोरी, का डोळे सडकेवर राहिले तरी हाताले वस्तू सापडली पाहिजे." मंग डोळे मिटून हात घालायचे अन् एकेक नाव घ्यायचे. कधी चुकले नाही. तुमची पाठ फिरली का मी एक खोडी घालून द्यायची. एकदा गुळाच्या कागदात गोटा बांधला. बारा दिवसांनी तुमी तो तसाच वापस आणला. "घे वं, तुह्या गोट्यानं हावड्याचा पूल पायला. तुह्या मायनं अजून नाही पायला." माय म्हणे, "लाडावून ठेवा अजून."

मंग ते पिनचं झालं. पिन काढून तिच्या जागी मी खराट्याची काडी ठेवली. मले वाटलं, हासाल. पण तिकडं संबलपूरच्या जंगलात स्टोचं तोंड बुजलं, अन् ते मोकळं कराले पिनच नाही. तुमचा जोडीदार डायवर तापानं फणफणलेला, त्याले पेज करून द्यायची होती, ते बी जमलं नाही. वापस आल्यावर गोदामासमोर, साऱ्या हमालांदेखत तुमी म्हटलं, "आजपासून पेटीले हात लावू नोको." अन् त्यायच्याकडं पाहून, "माणूस मरून राहिला अन् इले गंमत सुचते." हात लावू नोको, याचं मले काही नाही वाटलं. पण तुमी मले 'इले' म्हटलं, परक्या पोरीले म्हणतात तसं.

आठ दिवस मी बोलली नाही. पुढच्या वेळेस पेटी मायनं भरली. तुमी ट्रकले पाण्याची छागळ बांधून राहिले होते, मी दारात उभी. तुमीच पहिले बोलले.

"काय टाकलं वं यावेळेस?"

"काही नाही."

"खरं?"

"तुमीच सांगतलं ना, हात लावू नोको."

तुमी गेले. चौथ्या दिवशी जोडीदार एकटाच आला, पेटी घेऊन. मायसमोर खाली बसला. "रायपूरच्या पुढं चहाले थांबलो, वैनी. झाडाखाली यानं सारी पेटी खाली केली. तांदूळ चादरीवर ओतला, डबे उघडले, पोतं झटकलं. मी म्हटलं, काय शोधून राहिला गा? तर म्हणे, पोरीनं काहीतरी टाकलं हाय, सापडून नाही राहिलं. हासत होता. मंग म्हणे छातीत दुखते, अन् तिथंच आडवा झाला." डाक्टर येईपर्यंत सारं सरलं होतं. तुमाले मागून दवाखान्याच्या गाडीनं आणलं.

पेटीत जोडीदारानं सामान कसंबसं कोंबलं होतं, कांद्यात मीठ सांडलेलं. मी पुरी रिकामी केली अन् पुन्हा भरली, डाव्या अंगाचं डाव्याले, उजव्या अंगाचं उजव्याले. माय म्हणे, "कोणासाठी वं?" मी झाकण लावलं.

डाक्टरनं सांगतलं होतं, हृदय आधीपासून खराब होतं, शोधण्यानं काही झालं नाही. तसंच असंल. पण बिना पाहता मिठाचा डबा काढणारा माणूस, भर दुपारी सारं मांडून बसला. माय इथं आली का अजून म्हणते, "उगाच शोधत बसले बिचारे. तू तर हात बी नव्हता लावला." मी मान हलवते.

हात नव्हता लावला, हे खरं हाय. पण 'काही नाही' म्हणताना मी ओठ दाबून हासली, बाबा. खोडी घातल्यावर हासायची तशी, तुमाले दिसंल असं. तुमी सारी वाट शोधावं अन् काही सापडू नये, म्हणून. हे मायले मी सांगतलं नाही. हा कागद बी तिच्या नजरेस पडू नाही देणार.